‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर भागत नाही : कोल्हापूरच्या प्रसूतितज्ज्ञांना खुलं पत्र

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातले स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ, त्यांच्या ओपीडीतल्या सिस्टर आणि लेबर रूममधला सगळा स्टाफ यांना,

सप्रेम नमस्कार.

मी टाइप वन डायबेटिसची पेशंट. सातवीत असल्यापासून इन्सुलिनवर आहे. माझी मुलगी आता बालवाडीत जाते, धडधाकट आहे, चपातीपेक्षा तिच्यासोबतचा गूळच जास्त खाते. तिला सुखरूप माझ्या हातात दिलं ते तुमच्यापैकीच काही जणांनी, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. त्या नऊ महिन्यांत माझी शुगर, बीपी, लघवीतलं प्रोटीन, बाळाचं वजन या सगळ्यावर सगळ्यांची बारीक नजर होती. मला रात्र रात्र झोप का लागत नाही, हे मात्र कुठल्याच फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं. अलीकडे माझ्यासारख्याच दोघींशी फोनवर बोलणं झालं, एक इचलकरंजीची, दुसरी गडहिंग्लजकडची. दोघींची तीच कथा. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

‘टेन्शन घेऊ नका, शुगर वाढेल.’ हे वाक्य आम्हाला दर खेपेला ऐकायला मिळतं. वाक्य खरं आहे. ताण आला की ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल वाढतं, लिव्हर साखर सोडतं, इन्सुलिन कमी पडतं. पण जिच्या डोक्यात आधीच दहा गोष्टींची धास्ती आहे तिला हे सांगितलं की अकरावी भर पडते, घाबरलं तरी बाळाला त्रास! सासूबाईही तेच म्हणायच्या, ‘‘लई इच्यार करू नगंस बाई.’’ त्या मायेनं म्हणायच्या, त्यांच्या हातात तेवढंच होतं. तुमच्या हातात जास्त आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की टाइप वनच्या बाईची भीती मोघम नसते. ती अमक्या आठवड्याची, अमक्या आकड्याची, अमक्या रात्रीची असते, आणि बहुतेक भीतींना तुमच्याकडे नेमकं उत्तर असतं. ते उत्तर आधी सांगा आणि कागदावर लिहून द्या. धीर नंतर दिला तरी चालेल.

पहिली पंचाईत म्हणजे ओपीडीत आम्हाला सरसकट ‘शुगरवाल्या’ म्हणून एका बाकावर बसवलं जातं. त्या बाकावरच्या बहुतेक बायकांना गरोदरपणात आलेला डायबेटिस असतो. ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन तो सापडतो, पुष्कळ जणींचा आहार आणि चालण्यावर आटोक्यात राहतो, आणि बाळंतपणानंतर बहुधा जातो. त्यांची काळजीही खरी आहे, पण आमचं गणितच वेगळं. आमच्या शरीरानं इन्सुलिन करणाऱ्या पेशी स्वतःच मारून टाकलेल्या असतात. ‘‘गोड बंद करा, संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारा, बाळंत झालात की जाईल सगळं,’’ असं मला एका सिस्टरनी सांगितलं. तेव्हा माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती, कारण रंकाळ्याच्या अर्ध्या चकरेत माझी शुगर साठवर येते. वाद घातला नाही. पण त्या क्षणी कळलं की इथं मला काही विचारायचं असेल तर आधी माझा आजार समजावून सांगावा लागणार, आणि मग विचारायचंच राहून गेलं.

आता आठवड्यांचं बोलूया. बाळाचं हृदय, मणका, मेंदू यांची मूळ घडण पहिल्या आठएक आठवड्यांत होते. म्हणजे पाळी चुकली, किट आणलं, दोन रेघा दिसल्या, तोवर त्यातले निम्मे आठवडे गेलेले असतात. म्हणून तर गर्भ राहण्याआधीच एचबीए१सी (गेल्या दोनतीन महिन्यांतल्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) साडेसहाच्या खाली आणावं आणि ५ मिलिग्रॅमचं फॉलिक ॲसिड सुरू करावं असं ब्रिटनची नाइस ही संस्था सांगते. सल्ला उत्तम आहे. पण आपल्याकडे लग्नाला वर्ष व्हायच्या आत आत्या-मावशा ‘काय विशेष?’ विचारायला लागतात आणि सुनेचा डायबेटिस निम्म्या पाहुण्यांपासून लपवलेला असतो. तिथं प्लॅनिंग कुठलं? गडहिंग्लजच्या मैत्रिणीचं एचबीए१सी पहिल्या भेटीत आठच्या वर निघालं. तिला ऐकायला मिळालेलं पहिलं वाक्य होतं, ‘‘एवढ्या शुगरवर राहिलीसच कशी?’’ गेलेले आठवडे काही परत येत नाहीत. ती पुढं सोनोग्राफीपर्यंत रोज रात्री तेच वाक्य उगाळत बसली.

त्या जागी काय सांगता आलं असतं? की आठच्या आसपास असतानाही बहुतेक बाळं व्यंगाशिवाय जन्माला येतात. धोका वाढतो हे खरं, पण तो अमुक इतका वाढतो. की १८ ते २० आठवड्यांना सविस्तर सोनोग्राफी आणि त्या सुमारास बाळाच्या हृदयाची इको करू, तिथं बरंच कळेल. की आजपासून शुगर खाली आणली तर त्याचाही उपयोग आहे, पण घाईनं आणायची नाही, आधी डोळ्यांचा पडदा तपासून घेऊ. याला फार तर पाच मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं म्हणजे काय हे बाकावर बसून मी पाहिलंय, तरीही मागते.

मग येतो तिसरा-चौथा महिना. साधारण नवव्या ते सोळाव्या आठवड्यांत इन्सुलिनची गरज पुष्कळदा कमी होते, आणि रात्री शुगर घसरायला लागते. पुढं वार (प्लॅसेंटा) हार्मोन सोडायला लागली की गरज चढत जाते, शेवटाकडे दुप्पट, कुणाला त्याहून जास्त. आणि वार पडली की त्याच तासांत एकदम कोसळते. गगनबावड्याच्या घाटात धुक्यातून गाडी न्यावी तसं आहे हे. पुढचं वळण कुठल्या हाताला आहे हे शेजारच्यानं आधी सांगितलं तर ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडतो. मला सातव्या महिन्यात डोस वाढत चालला तेव्हा वाटलं, माझंच काहीतरी बिघडतंय. डोस वाढणं हे वार काम करत असल्याचं लक्षण आहे, हे एका वाक्यात कुणी आधी सांगितलं असतं तर महिनाभराची तगमग वाचली असती.

रात्रीच्या शुगरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळी गोम तिथं आहे. रात्री तीनच्या सुमाराला जाग येते. गाऊन घामानं ओला, छाती धडधडतेय, हात कापतायत. आता ही शुगर उतरली की नुसतीच भीती? दोन्हीची लक्षणं तीच, कारण दोन्हीकडे ॲड्रेनालिनच काम करतं. बोट टोचायचं. ५२. स्वयंपाकघरातला दिवा लावून तीन चमचे साखर पाण्यात ढवळायची, घटाघट प्यायची, फरशीवर भिंतीला टेकून बसायचं, कारण उभं राहवत नाही. पंधरा मिनिटांनी परत तपासायचं असतं. ती पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत एकच विचार चाललेला असतो, आत बाळाला काय होत असेल? पंधरा मिनिटांनी ७८ येतं, एक बिस्किट खाऊन अंथरुणात जायचं, आणि झोप मात्र उडालेली. आईची शुगर थोडा वेळ खाली गेल्यानं पोटातल्या बाळाला इजा होते असा पुरावा नाही. खरा धोका आईला असतो, ती पडू शकते, बेशुद्ध होऊ शकते. हे मला पुढं एका डायबेटिसच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर अशा रात्री मी बाळाची माफी मागत काढल्या.

अशा दोनचार रात्री झाल्या की बाई काय करते? रात्रीचं इन्सुलिन दोन युनिट गुपचूप कमी करते. झोपताना एक केळं जास्त खाते. शुगर १५० असली की तिला बरं वाटतं, कारण १५० वर कुणी बेशुद्ध पडत नाही. सकाळी उपाशीपोटी १३० येते. ती वही घेऊन तुमच्यासमोर बसते. उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवल्यावर तासानं १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत, हे आकडे तिला पाठ असतात. तुम्ही पानं उलटता, लाल पेननं १३० ला गोल करता, पुढच्या १३४ ला गोल करता आणि म्हणता, ‘‘रात्री काय खाता? जरा कंट्रोल ठेवा.’’ वहीच्या त्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, रात्री तीनचा ५२ लिहिलेला असतो. त्याला गोल नसतो.

डॉक्टर, तो १३० लाडवाचा नसतो, भीतीचा असतो. इन्सुलिन वाढवून तो जाणार नाही. रात्रीची भीती आधी काढावी लागेल. आणि त्यासाठी लागतो पलंगाशेजारी चिकटवायचा एक कागद. ७० च्या खाली आली तर काय घ्यायचं, किती वेळानं परत बघायचं. दोनदा घेऊनही वर येत नसेल तर कुणाला उठवायचं आणि कुठल्या नंबरवर फोन करायचा. उलट्या होत असतील तर शुगर फार चढलेली नसली तरी कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल) तपासायचे, आणि कीटोन आले तर सकाळची वाट न बघता निघायचं, कारण गरोदरपणात कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोननं रक्त धोकादायक आम्ल होणं, कमी शुगरवरही होतो. झोपताना कितीला असावी म्हणजे निर्धास्त झोपता येईल, तो आकडा. शेवटी नवऱ्यासाठी एक ओळ: ती बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आमच्या घरात हा कागद शेवटी मी आणि नवऱ्यानं मिळून केला, सहाव्या महिन्यात. त्यावर तुमची सही असती तर सासूबाईंचाही त्यावर विश्वास बसला असता.

सेन्सरबद्दलही सांगते. दंडावर चिकटवायचा, सलग शुगर दाखवणारा सेन्सर गरोदरपणात खरोखर उपयोगी आहे; २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या कन्सेप्ट नावाच्या अभ्यासात टाइप वनच्या गरोदर बायकांनी तो वापरल्यावर फार मोठ्या वजनाची बाळं, बाळाची शुगर उतरणं आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) एक दिवसाहून जास्त राहावं लागणं, तिन्ही कमी झालं. ६३ ते १४० च्या पट्ट्यात दिवसाचा सत्तर टक्के वेळ, असं त्याचं लक्ष्य ठेवतात. सत्तर! म्हणजे उरलेला तीस टक्के वेळ बाहेर गेली तरी चालते, हे वाचून मी अक्षरशः रडले होते. पण सेन्सर महाग आहे, आणि तो रात्री कोकलतोही. कुठला अलार्म चालू ठेवायचा, कुठला बंद करायचा, मोबाइलकडे दिवसातून किती वेळा बघितलं तर पुरे, हेही सांगायला लागतं. नाहीतर बाई देवघरापुढं बसल्यासारखी दिवसभर स्क्रीनपुढं बसते.

आता माझी मागणी. बीपी घेता तसं मन विचारा. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस अस्वस्थ, धास्तावलेलं वाटलं? काळजी थांबवायची म्हटलं तर थांबवता येते का? नाइसनं २०१४ साली गरोदर बायकांना या आशयाचे दोनच प्रश्न विचारायची शिफारस केली आहे. ते सिस्टरही विचारू शकतात. उत्तर फाइलमध्ये लिहा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होते, जोखमीच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. त्या स्टिकरनं स्टाफ सावध होतो, पण कार्ड हातात धरून एसटीनं घरी जाणाऱ्या बाईला तो फक्त लाल दिसतो. त्याच वेळी हे दोन प्रश्न विचारायला काही खर्च नाही.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढं काय, ही तुमची शंका असेल. पुष्कळदा वर लिहिलेला कागद आणि एक फोन नंबर यानंच अर्धं काम होतं, कारण ही शुगरच्या रोजच्या कटकटीतून आलेली दमणूक असते, निव्वळ मनाचा आजार नसतो. काही जणींचं मात्र त्यापुढं गेलेलं असतं. जेवण जात नाही, सतत रडू, नको नको ते विचार. तिला सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी द्या, ओळखीच्या तज्ज्ञाकडे पाठवा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि गरोदरपणात देता येतील अशी औषधं असतात हेही तुमच्या तोंडून जाऊ द्या. ‘गोळ्या म्हणजे बाळाला धोका’ हे आमच्या घरात आधीच ठरलेलं असतं.

वॉर्डाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. शेवटच्या महिन्यात मला एका दवाखान्यात ॲडमिट केलं होतं, नाव लिहीत नाही. सकाळच्या ऑपरेशनसाठी रात्रीपासून उपाशी ठेवलं. सिस्टर माझं इन्सुलिनचं पेन घेऊन गेल्या, ‘‘पेशंटनं इथं स्वतःच्या हातानं इंजेक्शन घ्यायचं नसतं.’’ ठीक, नियम असेल. तासाभरानं आल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही उपाशी आहात ना, मग आज इन्सुलिन नाही.’’ टाइप टूच्या पेशंटला कदाचित चालत असेल. टाइप वनला उपाशीपोटीही बेसल, म्हणजे जेवणाशी संबंध नसलेलं दिवसरात्र लागणारं इन्सुलिन लागतंच. ते पूर्ण बंद केलं तर काही तासांत कीटोन चढायला लागतात. मी सांगत होते, त्या चार्ट दाखवत होत्या. नवऱ्यानं खाली जाऊन डॉक्टरांना गाठलं म्हणून निभावलं. त्या रात्री माझा बीपी वाढला आणि केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘पेशंट ॲन्क्शस’. होणारच की हो! वर्षानुवर्षं ज्या औषधावर मी जिवंत आहे ते माझ्या उशाशी नव्हतं.

प्रत्येक बाईला स्वतः इंजेक्शन घेऊ द्या असं म्हणत नाही. पण ॲडमिट होण्याआधीच तिच्याशी बसून ठरवा. बेसल किती द्यायचं, ड्रिप कधी लावायची, कळा सुरू असताना शुगर कोण आणि किती वेळानं बघणार, वार पडल्यावर डोस कितीवर आणायचा. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यायची असतील तर त्यानंतर दोनचार दिवस शुगर भलतीच चढेल, ती आम्ही इन्सुलिननं सांभाळू, हे इंजेक्शन टोचायच्या आधी सांगा. इचलकरंजीची मैत्रीण ३०० चा आकडा बघून बाळ गेलं असंच समजली होती.

बाळंत झालं की काळजी संपत नाही, तिचं नुसतं घर बदलतं. बाळाच्या टाचेतून सारखं रक्त घेतायत, का? कारण पोटात असताना आईच्या साखरेची सवय झालेली असते, नाळ कापल्यावर त्याची शुगर उतरू शकते. एकदोन दिवस बघावं लागतं. हे आईला बाळ नेण्याआधी सांगितलं तर ती पाठीमागं एनआयसीयूच्या काचेला चिकटून बसणार नाही. दूध पाजताना आईची शुगर उतरते, म्हणून हाताशी खायला ठेवायचं. आणि एक प्रश्न जो कुठलीच बाई नवऱ्यासमोर विचारत नाही: हिलाही होईल का माझ्यासारखं? आईला टाइप वन असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात एक ते चार. बहुतेकांना होत नाही. हा आकडा आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीच्या बायकांचं अजून वेगळं. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, तिथून दर आठवड्याला कोण येणार? डोस बदलायला प्रवास कशाला, वहीचा फोटो पाठवला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की भागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वीज नव्हती, रस्ते बंद होते. वापरात काढलेलं इन्सुलिन गारव्याला साधारण महिनाभर टिकतं, फ्रिज बंद पडला म्हणून लगेच फेकायचं नसतं, एवढी माहिती पावसाळ्याआधी दिली तरी खेड्यातल्या बाईची चार रात्रीची झोप वाचेल.

तुमच्या संघटनेच्या बैठका होतात हे ऐकून आहे. त्यातल्या एका बैठकीत आम्हाला वीस मिनिटं द्या. आम्ही तिघी येऊ, आपापल्या वह्या घेऊन, त्यातली लाल गोलं आणि त्यांच्या आदल्या रात्री काय झालं होतं ते दाखवायला. पलंगाशेजारच्या कागदाचा मराठी मसुदा आम्ही तयार केलाय. आकडे तुम्ही तपासा, चुकलं असेल ते खोडा, आणि मग छापून ओपीडीत ठेवा. छपाईचा खर्च आम्ही बघू, राजारामपुरीत ओळखीचा प्रेसवाला आहे. वार कुठलाही चालेल, फक्त दुपारी चारनंतरची वेळ असू दे. बालवाडी सुटल्यावर मुलीला आईकडे सोडून यावं लागतं.

आपली नम्र,
टाइप वनची एक पेशंट, मंगळवार पेठ, कोल्हापूर